बाईंची बाजरी

बाईंबरोबर बाजारात जायचं म्हणजे ती सकाळ गेली असं समजायचं. त्यांना वांगी हवी असली तर त्या आधी कांद्याचा भाव विचारत, मग लसणाचा, मग समोरच्या टपरीत टांगलेल्या कुलपाचा, आणि कधी कधी वांगी विकणाऱ्याच्या डोक्यावरच्या टोपीचासुद्धा. तो गोंधळून टोपी काढून बघे आणि काहीतरी आकडा सांगे. बाई मान डोलवत. चार पावलं पुढे गेलं की माझ्याकडे वळून विचारत, "हा झाला माझा भाव. तुला किती सांगितला असता?"

मला ते दर वेळी सांगता येई असं नाही. आमच्या घरची वांगी शेतातूनच येत, आणि टोपी मी कधी विकत घेतली नव्हती. पण बाईंना "माहीत नाही" हे उत्तर चालत नसे. त्या मला उलट पाठवत. मी जाऊन भाव विचारून येई. तो निम्म्याच्या आसपास निघे. बाईंना त्याचा राग येत नसे. एखादी गोष्ट जशी वाटली होती तशीच निघाली की माणूस जसा गप्प होतो, तशा त्या गप्प होत.

बाई अमेरिकेतल्या. गव्हाच्या मुलखातलं कुठलंसं गाव त्यांचं. नाव त्यांनी सांगितलं होतं, पण माझ्या जिभेला ते कधी नीट जमलं नाही. वय पन्नाशीच्या आसपास. उंची एवढी की खोलीकडे जाणाऱ्या जिन्याच्या तुळईला त्यांचं कपाळ रोज लागे, आणि रोज त्या तुळईला "माफ करा" म्हणत. अंगात पायघोळ झगा, त्यावर पुरुषी सदरा, पायात धुळ्यातच शिवून घेतलेल्या वहाणा. बायकांच्या वहाणांत तो पाय बसेना म्हणून चांभाराने त्यांनाही पुरुषीच दिल्या होत्या. चालताना त्यांचा करकर आवाज येई, आणि बाजारातली माणसं वळून बघण्याआधीच बाई येताहेत हे ओळखत.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं फाटक ओलांडलं नव्हतं. वर्गात बोलायची वेळ आली की मी वाक्य आधी मनात जुळवून घेई, मधूनच 'आहे'च्या जागी घरचं 'शे' निसटू नये म्हणून. अशात एकदा मराठीच्या सरांनी विचारलं, साक्रीकडचं कोण आहे? हात वर करायला मी जरा वेळ घेतला. शेवटी दुसऱ्याच कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं. सरांनी मला बाईंकडे पाठवलं.

बाई बोलीचा अभ्यास करत होत्या. पुण्यात राहून त्या मराठी शिकल्या होत्या आणि ती छापील पुस्तकासारखी बोलत. पण धुळ्याला त्या आल्या होत्या ते आमची खान्देशी ऐकायला. तीही सगळी नाही. बायका बाजारात घेताना-देताना कशा बोलतात, घासाघीस कशी करतात, टोमणे कसे मारतात, एवढंच त्यांना हवं होतं. गाणी आणि गोष्टी दुसऱ्या लोकांनी लिहून घेतल्या आहेत, असं त्या म्हणत. भाजी घेतानाचं बोलणं कोणी लिहून घेतलेलं नाही. त्यांच्या विद्यापीठाने त्यांना दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. दिवाळीनंतर परतीचं तिकीट. तोवर हे बोलणं हाती लागलं नाही तर वर्ष वाया जाणार होतं, आणि या वयात दुसरं वर्ष कोणी देणार नाही, हेही त्यांनी मला सरळ सांगितलं होतं.

आमचा करार असा ठरला की मी त्यांना बाजारात न्यायचं आणि त्यांनी माझं इंग्रजी सुधारायचं. मला मजुरी द्यायला त्या तयार नव्हत्या. पैसे देऊन माणूस घेतला तर तो मला खूश करील तेच दाखवील, असं त्यांचं म्हणणं. मला ते तेव्हा फारसं कळलं नाही. पण इंग्रजी खरोखर सुधारलं.

त्या शेठजींच्या माडीवर भाड्याने राहत. शेठजी मारवाडी, त्यांच्या आजोबांच्या वेळी राजस्थानातून आलेले. खाली किराणा दुकान. बाईंना ते 'बाईसा' म्हणत, आणि गिऱ्हाईक आलं की नजर वर करून सांगत की आपल्याकडे अमेरिका राहते. त्यांचं एक दुःख होतं. बाई सगळं रोजचं रोज घेत. एक काडेपेटी, कागदाच्या पुडीत मीठ, बाटलीच्या तळाशी येईल इतकं तेल. शेठजी कळवळून सांगत, "बाईसा, महिन्याचं एकदम भरा. स्वस्त पडेल, पायऱ्यांचा त्रास वाचेल." बाई म्हणत, शेजारच्या बायका रोज नेतात, मग मीपण रोज. रोज खाली आल्याशिवाय बोलणं कसं ऐकू येणार?

पण बोलणं ऐकू येत नसे, हीच तर अडचण होती. दुकानात बायकांचा गलका चाललेला असे, आणि वहाणांची करकर जिन्यावर आली की तो थांबे. मग सगळ्या एकदम शहरी होत. "या ना बाई." "घ्या ना बाई, तुमचं आधी." शाळेत मास्तर आल्यावर बोलतात तसं.

बाईंचं सगळंच खाणं इथलं झालं होतं, फक्त कॉफी सोडून. ती मुंबईहून डब्यातून येई. डबा उघडताना त्या दर वेळी मला त्याची किंमत सांगत आणि म्हणत की एवढ्यात शेजारच्या घरची कितीतरी दिवसांची भाजी येते. मग डोळे मिटून पीत. मलाही अर्धा कप मिळे. ती इतकी कडू लागे की मी ती औषधासारखी घोटाघोटाने संपवी. भाकरी त्या स्वतः करत, पण ती कधी गोल होत नसे. तव्यावर टाकून त्या लांबून बघत आणि म्हणत, "आज सिलोन झालं." एकदा अख्खी आफ्रिका झाली होती, ती आम्ही दोघांनी वाटून खाल्ली.

दुपटीच्या भावाचा उलगडा त्यांना एका बांगडीवाल्याने केला. तो मुसलमान म्हातारा, डोळ्यांना कमी दिसे, पण बांगडी हातात चढवताना त्याने कोणाला ओरखडा येऊ दिलेला मी पाहिला नाही. बाईंचा हात रुंद. तो चेपत चेपत त्याने बांगड्या चढवल्या आणि भाव सांगितला. बाईंनी त्याला विचारलं की शेजारच्या काकूंना याच बांगड्यांचा दुसरा भाव का सांगितला होता. म्हातारा मुळीच ओशाळला नाही. "मेमसाब, सस्ता बोलूं तो आप समझेंगी माल खोटा है. और वो बाई को महँगा बोलूं तो वो मेरेकू खोटा समझेगी. मैं क्या करूं?" बाईंनी त्याला सांगितलेला भाव दिला. वाटेत म्हणाल्या, हा पहिला माणूस, ज्याने मला दुप्पट भाव का लागतो ते सांगितलं.

त्या साली रुपयाची किंमत उतरली. बाईंच्या त्याच चेकला बँकेत जास्त रुपये मिळू लागले. मला वाटलं, त्या खूश होतील. त्या चिडल्या. "मी काहीच केलं नाही. रात्री झोपले आणि सकाळी श्रीमंत झाले. आता माझा भाव आणखी वाढणार." तसा तो वाढलाही.

ते रेशनचे दिवस होते. आमच्या घरीसुद्धा रेशनवरच्या लाल मिलोची, म्हणजे अमेरिकी ज्वारीची, भाकरी होई, आणि ती खाताना माझे वडील, नाना, तोंड वाकडं करत. बाईंनी खटपट करून रेशनकार्ड काढलं होतं. अमेरिकेतून आलेल्या गव्हाच्या रांगेत अमेरिकेतून आलेल्या बाई पिशवी घेऊन उभ्या राहत. दुकानाच्या दाराशी पोती रचलेली असत, त्यांच्यावर हातात हात घेतल्याचं चित्र. मागे उभी असलेली एक बाई आपल्या मैत्रिणीला म्हणाली, "तिना मुलूखनाच गहू शे, आनि लाईनमा उभी शे. घरून पोतं काबर नही मागाडत?" गहू हिच्याच मुलखातला, तर घरूनच पोतं का मागवत नाही, असं. दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. बाईंना निम्मं कळलं. त्या एकदम वळल्या, चेहरा उजळलेला. पण त्या वळताच मागची बाई म्हणाली, "बाई, तुम्ही पुढे जा ना. तुम्हाला उशीर होईल." बाईंचा चेहरा उतरला. त्या मला म्हणाल्या, "बघ. टोमणा माझ्याबद्दल होता, पण मला दिला नाही."

मग मी त्यांना गावी नेलं.

आमचं गाव साक्रीच्या पुढे, पिंपळनेरच्या रस्त्यावर. मला वाटलं, तिथे तरी त्यांना हवं ते मिळेल. झालं भलतंच. मायने सकाळीच अंगण सारवलं होतं. शेजारणीकडून कपबशा आणल्या होत्या. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी, उडदाची डाळ, वर तूप. बाईंनी जेवून झाल्यावर विचारलं की घरच्या तुपाचं काय घेता, मला धुळ्याला न्यायचं आहे. मायने तुपाचं गाडगं त्यांच्या पिशवीत ठेवलं आणि पैशाचं नाव काढलं तर तुम्हाला आमची शपथ, असं सांगितलं. तेही तिला अवघड जाणाऱ्या शुद्ध मराठीत. शेजारून अंडी आली, कोणी शेंगा आणल्या. कोणी पै घेतली नाही, आणि कोणी धड बोललंही नाही. सगळे बसा म्हणाले आणि गप्प बसले.

परतीच्या एस.टी.त बाईंनी तुपाचं गाडगं मांडीवर धरलं होतं. साक्री मागे पडल्यावर म्हणाल्या, "धुळ्यात मला दुप्पट, तुझ्या गावात फुकट. या दोन्हींच्या मधे तुम्ही सगळे राहता. तिथे मला कोणी येऊ देत नाही."



त्यांना ती मधली जागा दिसली ती साक्रीच्या आठवडे बाजारात. बाजाराच्या अगदी कडेला, जिथे ताडपत्री आणि तराजू संपतात, तिथे डोंगराकडच्या गावांतून आलेल्या बायका जमिनीवर फडकं पसरून बसत. चिंच, सुकट, मोसमात सीताफळं. त्यांच्याकडे घ्यायला येणाऱ्या बायकांच्या हातात पैसे नसत. लुगड्याच्या ओच्यात किंवा टोपलीत बाजरी, दादर ज्वारी नाहीतर तूर असे. ती मापाने घालायची आणि बदल्यात चिंच घ्यायची. आणि तिथे जे बोलणं चाले! एकमेकींच्या धान्यापासून ते नवऱ्यापर्यंत काही शिल्लक राहत नसे. बाई दूर, एका गाड्याच्या आडोशाला उभ्या राहून ऐकत होत्या. पुढे गेल्या असत्या तर ते थांबलं असतं, हे त्यांना आता ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यात त्या पायऱ्या उतरून दुकानात आल्या आणि त्यांनी शेठजींकडे पिशवीभर बाजरी मागितली. शेठजींना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतःच्या हाताने ती भरली. अखेर बाईसा एकदम भरू लागल्या, असं त्यांना वाटलं असावं.

ती पिशवी घेऊन आम्ही साक्रीला गेलो. बाई थेट एका चिंचवाल्या म्हातारीसमोर जाऊन उकिडव्या बसल्या. ती म्हातारी त्या कडेची जणू मालकीण होती. काळी, चिवट, दात थोडे पण आवाज सगळ्या बाजारावर. तिने पिशवीत हात घातला, मूठभर बाजरी तळहातावर घेऊन फुंकर मारली.

"हाई बाजरी कोना वावरनी शे?"

म्हणजे कोणाच्या शेतातली. बाईंनी प्रवासात पाठ केलेली खान्देशी वापरली, पण खोटं बोलणं त्यांना जमत नसे. "दुकाननी शे."

म्हातारी माझ्याकडे वळली. "वाणीले पैसा दिसन बाजरी लिनी, आनि ती बाजरी दिसन मनी चिंच लेस? तो पैसा माले काबर नही देत?" वाण्याला दिलेला पैसा मलाच का दिला नाही, असं तिचं म्हणणं. आजूबाजूच्या बायका खळखळून हसल्या. मग ती बाईंकडे वळली आणि एकदम बदलली. "बाई, तुम्ही पैसेच द्या ना." आणि भाव सांगितला. तो दुप्पट होता.

बाईंनी पैसे देऊन चिंच घेतली. त्यांची बाजरी मी परत उचलून आणली.

त्या रात्री उशीर झाला म्हणून आम्ही गावीच थांबलो. हे सगळं मी मायला सांगितलं. ती आधी हसली. मग बाईंकडे न बघता, माझ्याशीच बोलल्यासारखं तिने समजावलं. घरात पैसा नानांच्या खिशात असतो. तो मागावा लागतो, कशाला ते सांगावं लागतं. पण कोठीतलं धान्य बाईच्या हातातलं. त्यातून सूपभर काढलं तर कोणी विचारत नाही. त्याची चिंच येते, सुकट येते, कधी चोरून एखादी बांगडी. त्या कडेला बसलेली आणि तिच्यापुढे उभी असलेली, दोघींना हे माहीत असतं, म्हणून त्या तशा बोलतात. जिच्या हातात स्वतःचा पैसा आहे तिने बाजरी घेऊन तिथे का जावं?

मी ते बाईंना शुद्ध मराठीत सांगू लागलो, पण त्यांना कळलं होतं. त्या कितीतरी वेळ हातातली चिंच सोलत बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नानांना शेत मागितलं.

नाना घाबरलेच. त्यांना वाटलं, बाई जमीन विकत घ्यायला निघाल्या. रुपयाची किंमत उतरल्याची बातमी त्यांनीही ऐकली होती. मग कळलं की एवढीशी पट्टी हवी, बाजरी पेरायची आहे, आणि बाई ती स्वतः पेरणार. नानांनी नको नको म्हणून पाहिलं. पाहुण्याला शेतात राबवलं तर गाव काय म्हणेल, ही त्यांना चिंता. शेवटी बांधाच्या कडेची, निंबाच्या सावलीतली एक पट्टी त्यांनी दिली. तिथे काहीच नीट येत नसे, त्यामुळे नुकसान झालं तरी त्यांचं काही गेल्यासारखं होणार नव्हतं. मला तर वाटतं, नानांनी ती पट्टी मुद्दाम निवडली, बाईंनी लवकर कंटाळावं म्हणून.

बाई कंटाळल्या नाहीत. पावसाळाभर त्या शनिवारच्या एस.टी.ने गावी येत. निंदायला बसल्या की बाजरीबरोबर थोडं गवतही राखत, कारण दोन्हींतला फरक त्यांना उशिरा समजला. कणसं भरू लागली तेव्हा पाखरं आली. नानांनी गोफण दिली. बाईंनी ती हातात घेऊन पाहिली आणि परत केली. मग धुळ्याहून कॉफीचे रिकामे डबे आणून दोरीला बांधले. वारा आला की त्यांचा खडखडाट होई. पहिले दोन दिवस चिमण्या उडाल्या, नंतर त्या डब्यांवरच बसू लागल्या. गावातली माणसं बांधावर उभी राहून बघत आणि मायला सांगत की तुमची मडम उन्हात छत्री घेऊन उभी आहे आणि बाजरीला काहीतरी वाचून दाखवते आहे. ते खरं होतं. त्या खान्देशी शब्द मोठ्याने घोकत.

शेठजींनी मला बाजूला घेऊन हिशेब केला. एस.टी.चं भाडं, डबे, वेळ. "अरे, इतक्यात तर पोतं आलं असतं." मी तो हिशेब बाईंना सांगितला. त्या म्हणाल्या, "पोतं मला कोणीही देईल."

दिवाळी जवळ आली. तिकीट आलं होतं. बाईंनी कणसं स्वतः कापली, हातांवर विळ्याचे ओरखडे उमटले. बडवून, झाडून जी बाजरी निघाली ती एका पिशवीत मावली आणि थोडी खळ्यावर उरली. अजून ओलसर होती. नाना म्हणाले, आठ दिवस उन्हात पडू द्या. पण आठ दिवस नव्हतेच. साक्रीचा त्या आठवड्याचा बाजार बाईंच्या जाण्याआधीचा शेवटचा होता.

निघायच्या सकाळी नानांनी मला गोठ्याकडे बोलावलं. त्यांच्या हातात आमच्या कोठीतल्या सुक्या, टपोऱ्या बाजरीची तशीच पिशवी होती. "हाई लई जा. बदली टाक. बाईले कळाव नही." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांच्या शेतातल्या बाजरीला बाजारात कोणी नावं ठेवू नयेत, आणि बाईंची फजिती होऊ नये, एवढंच. मी दोन्ही पिशव्या हातात घेऊन उभा राहिलो. खरं सांगतो, मलाही ते बरोबर वाटत होतं. तेवढ्यात माय पाण्याची घागर घेऊन आली. तिने दोन्ही पिशव्यांकडे पाहिलं, नानांची पिशवी माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, "तिनी तिले लई जाऊ दे." बाईंबद्दल ती आदराने न बोलता 'तिनी, तिले', म्हणजे 'तिची, तिला', म्हणाली, हे माझ्या ध्यानात राहिलं.

बाजारात म्हातारी आपल्या जागेवर होती. पुढ्यात सीताफळांचा ढीग. बाई उकिडव्या बसल्या. म्हातारीने त्यांना ओळखलं आणि आधीच शहरी हसू आणून म्हणाली, "बाई, पैसे आणले ना?"

बाईंनी पिशवीचं तोंड उघडलं. म्हातारीने हात घातला आणि तो आतच राहिला. मग तिने दाणे काढून दातांखाली धरले.

"वल्ली शे."

"मना वावरनी शे," बाई म्हणाल्या.

म्हातारीने बाईंच्या हाताकडे पाहिलं. ओरखडे होते, एका बोटाला चिंधी गुंडाळलेली होती. ती चिंधी तिने बोटाने जरा बाजूला सारून आत बघितलं. आता ती हसत नव्हती. मला वाटलं, ही आता दया करणार, दोन सीताफळं फुकट देणार आणि सगळं संपलं.

"तुना वावरनी?" म्हातारीचा आवाज चढला. "मंग सुकाडी काबर नही? आनि हाऊ भुसा कोन खाई? मी? तुनी सासूनी हाईच शिकाडं का तुले?"

आजूबाजूचं बोलणं थांबलं. मी मान खाली घातली. बाईंनी वाक्य मनात जुळवलं, अगदी मी वर्गात जुळवतो तसं.

"माले सासू नही."

"तेनामुयेच," म्हातारी म्हणाली.

बायका अशा हसल्या की शेजारच्या सुकटवालीला ठसका लागला. बाई हसल्या नाहीत. त्या ढिगातली सीताफळं दाबून बघत होत्या. म्हातारीने बाजरी मापाने घेतली, मापाला वरून हात मारून सपाट करत, आणि बारकी बारकी सीताफळं त्यांच्या पुढ्यात टाकली. बाईंनी ती परत सारली. "बारीक शेतस. एक मोठं दे."

"सुकी बाजरी लयशी तवय मोठं."

मग किती वेळ ते चाललं मला सांगता येणार नाही. बाजरी कोणत्या पट्टीत पेरली हे निघालं. निंबाखाली पेरली हे ऐकून म्हातारीने नानांची अक्कल काढली. कॉफीच्या डब्यांचं ऐकून तिने कपाळावर हात मारला. पलीकडची एक बाई मधे पडून बाईंच्या बाजूने बोलू लागली, तर तिलाही दोन शब्द मिळाले. बाई निम्म्या ठिकाणी अडखळत होत्या, पण उठत नव्हत्या. शेवटी म्हातारीने एक मोठं, पण फुटलेलं सीताफळ वर टाकलं. "फुटेल शे. आजच खाय. जाय आते, बाकीनाले येऊ दे." आणि खरोखरच तिने मागच्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं.

मी वाट बघत होतो की बाई आता बाजूला जाऊन सगळं लिहून काढतील. त्यांनी काहीच लिहिलं नाही. सीताफळं ओच्यात घेतल्यासारखी झग्याच्या घोळात धरली आणि तशाच स्टँडपर्यंत चालत आल्या. पिशवी रिकामी होती, ती माझ्या खांद्यावर.

घरी आलो तेव्हा माय खळ्यावर बाईंची उरलेली बाजरी पाखडत होती. नाना बाजूला विडी ओढत बसले होते. बाईंनी घोळ सोडून सीताफळं तिच्यापुढे मांडली. माय एकेक उचलून बघत गेली आणि तिचा चेहरा बदलत गेला.

"पिशवीभर बाजरीन्या इतल्याच? आनि ह्या? कोन व्हती ती? चला, मी येस तुमना संगे." तिने सूप खाली टाकलं आणि डोक्यावरचा पदर सारखा करत उठलीसुद्धा. शेवटची एस.टी. केव्हाच गेली होती, पण ती जायला निघाली होती. बाईंनी दोन्ही हात सीताफळांवर ठेवले.

"नको. हा माझा सौदा आहे," त्या म्हणाल्या.

माय थबकली. बाईंकडे तिने नीट पाहिलं. इतके महिने ती त्यांना बाजेवर, नाहीतर घरातल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसवत आली होती. ती पुन्हा खाली बसली, आणि तिने हाताने आपल्याशेजारची जमीन थोपटली.

"मंग बस आठे. पाखडता येस नही, आनि बाजारमा जास. धर."

तिने सूप बाईंच्या हातात दिलं. बाईंनी ते मोठं पुस्तक धरावं तसं धरलं आणि जोरात झटकलं. भुसा उडाला आणि सगळाच्या सगळा नानांच्या अंगावर गेला. विडीत गेला, टोपीत गेला, मिशांत गेला. नाना डोळे मिटून तसेच बसून राहिले. मायने बाईंना जे काही ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. पाहुण्या बाईला तिने तसं कधी ऐकवलं नसतं. माझ्या मोठ्या वहिनीला मात्र रोज ऐकवत असे.

बाईंनी सूप पुन्हा समोर धरलं.

"परत सांग," त्या मायला म्हणाल्या.

सूप कसं धरायचं ते परत सांगायचं होतं की शिवी, हे मायला कळलं नाही. तिने दोन्ही परत सांगितलं.